कॉर्ड पाठ करायचे नाहीत, मोजायचे

कॉर्ड शिकायला बसलं की सगळ्यात आधी समोर येतो तो तक्ता, सी मेजरला बोटं इथे, ए मायनरला बोटं तिथे, आणि मग माणूस महिनोन्‌महिने ते आकार घोकत बसतो. मी पण असंच केलं, जवळपास दोन वर्षं. पन्नासेक कॉर्ड हाताला बसले होते, पण कोणी नुसती चाल गुणगुणून म्हणालं की याच्यामागे कॉर्ड लाव, तर काही सुचायचंच नाही, कारण हा कॉर्ड असाच का आणि याच्यानंतर तोच का येतो हे कधी कळलेलं नव्हतं. आणि हे कळायला खरंच फार काही लागत नाही, बारापर्यंत मोजता आलं पाहिजे आणि कान देऊन ऐकायची तयारी पाहिजे.

जवळ कीबोर्ड, हार्मोनियम, काहीच नसेल तर फोनमधलं पियानोचं ॲप घेऊन बसा, कारण हे वाजवल्याशिवाय कळत नाही. गिटारवाल्यांनी सुद्धा हा पहिला भाग पियानोच्या पट्ट्यांवरच करावा असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे सगळे सूर एका ओळीत डोळ्यासमोर असतात, गिटारवर तोच सूर चार ठिकाणी सापडतो आणि सुरुवातीला डोकं गरगरतं.

आधी मोजणी. दोन काळ्या पट्ट्यांची जी जोडी दिसते तिच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून उजवीकडे एकेक पट्टी सरकत गेलात की बाराव्या उडीला परत सी येतो, वरच्या सप्तकातला. या एका उडीला सेमीटोन म्हणतात. पांढऱ्या पट्ट्यांची नावं सीपासून उजवीकडे ओळीने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. पांढरीवरून पांढरीवर गेलं म्हणजे दोन सेमीटोन झाले असं नेहमी नसतं, कारण ई आणि एफच्या मध्ये काळी पट्टी नाही आणि बी आणि सीच्या मध्ये पण नाही, तिथे अंतर एकच सेमीटोन. वरच्या सीची कंपनं खालच्या सीच्या बरोब्बर दुप्पट असतात, आणि ती दुप्पट बारा सारख्या टप्प्यांत वाटलेली असते, म्हणजे प्रत्येक सेमीटोनला कंपनं साधारण १.०५९५ पट वाढतात. बहुतेक वाद्यं ज्या ए ला ट्यून करतात तो ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, बाकी सगळे सूर त्याच्यावरून निघतात.

आता सीला सा धरा आणि पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवा, सा रे ग म प ध नी सां, सगळे शुद्ध. हीच मेजर स्केल. हिच्यातली अंतरं २-२-१-२-२-२-१ अशी आहेत, आणि हे सात आकडे मात्र खरंच लक्षात ठेवा, कारण कुठल्याही पट्टीला सा धरून ही अंतरं मोजत गेलात की त्या सूराची मेजर स्केल मिळते. पुढे मी कधी सा-ग-प म्हणेन आणि कधी सी-ई-जी, दोन्ही एकच समजा.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा जास्त सूर, पण कुठलेही तीन नाही. मेजर कॉर्ड करायचा तर एक सूर घ्या, त्याला रूट म्हणतात, त्याच्यापासून ४ सेमीटोन वर जा, तिथून आणखी ३ वर जा. सीपासून केलं तर सी-ई-जी. डीपासून केलं तर डी, मग चार उड्या मारून एफ शार्प (एफच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी), मग तीन उड्या मारून ए. इथे नव्वद टक्के लोकांची एकच चूक होते, रूटलाच एक म्हणून मोजायला सुरुवात करतात, मग सगळं एका घराने चुकतं. रूट म्हणजे शून्य, त्याच्या पुढची पट्टी एक.

मायनर कॉर्डला हेच उलटं, आधी ३ मग ४. सी मायनर म्हणजे सी, ई फ्लॅट (ईच्या लगेच डावीकडची काळी पट्टी), जी. खालचा सूर तोच, वरचा सूर तोच, फक्त मधला ग कोमल झाला, आणि तेवढ्याने पूर्ण कॉर्डचा रंग बदलतो. आत्ताच वाजवून बघा, सी मेजर, सी मायनर, परत सी मेजर, दहा-बारा वेळा, आणि मधल्या सूरावर कान ठेवा. मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी असं सगळीकडे सांगतात, सुरुवातीला ओळखायला ते चालतं पण त्याच्यावर फार विसंबू नका, मायनरमधली धमाल नाचायची गाणी ढिगाने आहेत आणि संथ मेजर कॉर्डने गळा दाटून येतो, लय आणि शब्द यांचा हात त्यात मोठा असतो.

अजून दोन प्रकार राहिले, ३-३ चा डिमिनिश्ड आणि ४-४ चा ऑगमेंटेड, दोन्ही अस्थिर, अधांतरी वाटतात, आत्ता नुसते ऐकून ठेवा.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मेजर कॉर्ड कानाला इतका भरलेला, निवांत का वाटतो? एक तार छेडली की तिच्यातून एकच सूर निघत नाही, मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट असे सूर पण त्याच्याबरोबर बारीक आवाजात वाजत असतात. तार सा ची असेल तर दुप्पट म्हणजे सा, तिप्पट म्हणजे प, चौपट परत सा, पाचपट म्हणजे ग, सहापट परत प. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो म्हणतात तो हाच पाचवा हिस्सा. म्हणजे सा-ग-प हे तीन सूर एकाच तारेच्या पोटात आधीपासून आहेत, ४:५:६ या प्रमाणात, कॉर्ड वाजवताना आपण तेच उघड करून वाजवतो. पियानोवर मात्र हे प्रमाण किंचित हललेलं असतं, मधल्या सप्तकात सी २६१.६३ हर्ट्झचा असतो, त्याच्या हिशोबाने नैसर्गिक ग ३२७ च्या आसपास यायला हवा पण पियानोचा ई ३२९.६३ वर असतो, थोडा चढा. बारा सारखे भाग करायची ती किंमत आहे, आणि त्याच्या बदल्यात कुठल्याही पट्टीला सा धरून सगळे कॉर्ड सारखे वाजतात.

मायनर कॉर्डचं असंच प्रमाण १०:१२:१५ येतं, आकडे मोठे, जुळणी जरा लांबची, म्हणून मायनर थोडा झाकोळलेला वाटतो असं एक स्पष्टीकरण देतात. मला ते पूर्ण पटत नाही, सवयीचा भाग पण त्यात खूप असणार.

आता एका स्केलमध्ये कुठले कॉर्ड बसतात ते काढू. स्केलचा कुठलाही सूर घ्या, एक सोडा एक घ्या, परत एक सोडा एक घ्या. सा-ग-प. रे-म-ध. ग-प-नी. म-ध-सां. प-नी-रें. ध-सां-गं. नी-रें-मं. सात सूर, सात कॉर्ड, आणि अंतरं मोजलीत तर दिसेल की सा, म आणि प वरचे तीन मेजर निघाले, रे, ग आणि ध वरचे तीन मायनर, आणि नी वरचा एकटा डिमिनिश्ड. सीच्या स्केलमध्ये हे झाले सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर आणि बी डिमिनिश्ड. कुठलीही मेजर स्केल घ्या, हा क्रम बदलत नाही, म्हणून वाजवणारे लोक नावाऐवजी आकडे बोलतात, १ म्हणजे सा वरचा कॉर्ड, ४ म्हणजे म वरचा, ५ म्हणजे प वरचा. १-४-५ म्हटलं की सीमध्ये सी-एफ-जी, जीमध्ये जी-सी-डी. गाणाऱ्याचा गळा आज बसलाय, दोन पट्ट्या खाली घे म्हणाले तरी घाबरायचं कारण उरत नाही, आकडे तेच.

इथपर्यंत झाली मोजणी. हार्मनी खरी सुरू होते ती कॉर्ड एकामागून एक यायला लागले की. एक प्रयोग करा, सी वाजवा, एफ वाजवा, जी वाजवा आणि हात उचला. थांबा तिथेच. काहीतरी अर्धवट राहिलंय असं वाटतंय ना, कोणीतरी वाक्य मध्येच सोडून गेल्यासारखं? आता सी वाजवा. सुटलं. हे ओढून परत घरी येणं हीच हार्मनीची अर्धी गंमत आहे. १ म्हणजे घर, ४ म्हणजे घरातून बाहेर पडणं, ५ म्हणजे परत घराच्या दाराशी येऊन उभं राहणं.

आणि हे का होतं ते पण दाखवता येतं. जी कॉर्डमध्ये बी आहे, म्हणजे नी, आणि नी ते सां एकच सेमीटोन, गाणाऱ्या कोणालाही विचारा, नी वर जास्त वेळ थांबवत नाही. त्यात आता जीच्या वर आणखी एक सूर टाका, एफ, जी-बी-डी-एफ, हा झाला जी सेव्हन. आता नुसते बी आणि एफ हे दोनच सूर एकत्र वाजवा, मधलं अंतर सहा सेमीटोन, सप्तकाच्या बरोब्बर मधोमध, आणि ऐकायला चांगलंच टोचतं. मग बीला एक पट्टी वर सरकवा, सी झाला, एफला एक पट्टी खाली सरकवा, ई झाला. सी आणि ई, घर. दोन बोटं प्रत्येकी एकच पट्टी हलली आणि सगळा ताण निघून गेला. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो, इतके दिवस जी नंतर सी येतो हा नियम म्हणून पाठ केला होता आणि इथे तर ते दोन सूर स्वतःच जागा शोधत होते.

बाकीचे कॉर्ड या तिघांचे नातेवाईक समजा. ए मायनरमध्ये ए-सी-ई आहेत, सी मेजरशी दोन सूर सारखे, म्हणून ६ हा १ च्या जागी बसू शकतो. डी मायनर म्हणजे डी-एफ-ए, एफशी दोन सूर सारखे, म्हणून २ हा ४ च्या जागी. जी वाजवून सगळे सीची वाट बघत असताना ए मायनर वाजवला तर ऐकणाऱ्याला हलकासा धक्का बसतो, घर आलं पण दुसऱ्याच दाराने, चाल आणखी थोडी लांबवायची असेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. एफवरून थेट सी केला तर ताण कमी, शांतपणे टेकल्यासारखं वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. कॉर्ड बदलताना हात उचलून दुसरीकडे टाकायचा नाही. तक्त्यावरून शिकलेले लोक सी वाजवतात, मग तोच आकार उचलून एफवर टाकतात, मग जीवर, आणि तीन ठोकळे एकामागून एक पडल्यासारखं वाजतं. त्याऐवजी कॉर्डमधला प्रत्येक सूर हा वेगळा गाणारा माणूस आहे असं समजा, तीन माणसं तीन ओळी गातायत, आणि कोणालाही उगाच लांब उडी मारायला लावायची नाही. सी वाजवा सी-ई-जी. आता एफमध्ये एफ-ए-सी लागतात, पण सी तर आधीच बोटाखाली आहे, त्याला हलवूच नका, ईला एक पट्टी वर न्या एफ झाला, जीला दोन पट्ट्या वर न्या ए झाला. वाजलं सी-एफ-ए, हा एफच आहे, फक्त सूरांचा क्रम वेगळा. तिथून जीला जायचं तर सी खाली बीवर, एफ खाली डीवर, ए खाली जीवर, म्हणजे बी-डी-जी. आणि परत घरी, जी आहे तिथेच, बी वर सीवर, डी वर ईवर. डाव्या हाताने खाली नुसते रूट वाजवत जा, सी, एफ, जी, सी. एफवरून जीवर जाताना लक्ष द्या, डावा हात वर चढतो आणि उजव्या हाताचे तिन्ही सूर खाली उतरतात, एकमेकांच्या विरुद्ध, आणि त्यामुळेच सगळे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. दोन्ही पद्धतीने वाजवून तुलना करा, कॉर्ड तेच, पण एक ठोकळे आणि एक गाणं.

हे जे सूरांचे क्रम बदलले त्याला इन्व्हर्जन म्हणतात. सी-ई-जी, ई-जी-सी, जी-सी-ई, तिन्ही सी मेजरच. आज हे उघड वाटतं पण फ्रेंच संगीतकार झां-फिलीप रामोने १७२२ मध्ये हा विचार नीट मांडला, की सूर वरखाली झाले तरी रूट तोच राहतो, आणि आजची कॉर्डची भाषा बरीचशी तिथून येते. फरक पडतो तो सगळ्यात खाली कुठला सूर आहे याने. खाली सी असला तर भक्कम, ई असला तर हलका, पुढे जायला निघाल्यासारखा, जी असला तर जरा तोल गेल्यासारखा. सी स्लॅश ई असं कुठे लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, कॉर्ड सी आणि खालचा सूर ई एवढाच अर्थ. आणि एक, फार खालच्या सप्तकात तीन सूर जवळजवळ वाजवू नका, चिखल होतो, खाली एक रूट किंवा रूट आणि प पुरे, ग वर ठेवा.

गिटारवर हे इतकं मोकळेपणाने जमत नाही कारण तारा आणि बोटं ठरलेली, पण तिथे सुद्धा दोन कॉर्डमध्ये कुठलं बोट तसंच ठेवता येतं ते शोधा, सीवरून ए मायनरला जाताना फक्त एकच बोट हलतं, तिसरं, ते ए च्या तारेवरून उचलून जीच्या तारेवर दुसऱ्या घरात ठेवलं की ए झाला, बाकीची दोन तशीच.

मग चालीला कॉर्ड कसे लावायचे. आधी चालीचा सा शोधा, जिथे येऊन चाल पूर्ण संपल्यासारखी वाटते तो. मग प्रत्येक मापात, म्हणजे तालाच्या एकेका तुकड्यात, जोर कुठल्या सूरावर पडतो ते बघा, फक्त जोराचे सूर, मधले धावते सूर सोडून द्या, प्रत्येक सूराला कॉर्ड बदलत बसलात तर ऐकणारा दमतो. आता स्केलमधला प्रत्येक सूर तीन कॉर्डमध्ये सापडतो. सा असेल तर १, ४, ६. रे असेल तर २, ५, ७. ग ला १, ३, ६. म ला २, ४, ७. प ला १, ३, ५. ध ला २, ४, ६. नी ला ३, ५, ७. तिघांतला कुठला घ्यायचा ते कान ठरवतो, आणि अडलात तर आधी १, ४, ५ मधला घेऊन बघा.

समजा चाल आहे ग ग प प, ध ध प, म ग रे प, सा. पहिल्या मापात ग आणि प दोन्ही सा-ग-प मध्ये आहेत, १ लावा. दुसऱ्यात ध आला, ४ लावा, आणि प वर परत १. तिसऱ्यात म ला २, मधला ग धावता, सोडा, मग रे आणि प दोन्ही ५ मध्ये आहेत. शेवटी १. म्हणजे सी, मग एफ सी, मग डी मायनर जी, मग सी. वाजवून झालं की पहिलं माप बदला, ग ला ६ आणि प ला ३, म्हणजे ए मायनर आणि ई मायनर. चालीचा एकही सूर बदलला नाही, तरी सुरुवात एकदम हुरहुर लावणारी झाली. इथे मला नेहमी वाटतं की कॉर्ड लावणं म्हणजे चालीचा अर्थ लावणं आहे, आणि दोन जणांचे अर्थ वेगळे असू शकतात.

एक सांगून ठेवतो, रागातल्या चालीला कॉर्ड लावताना जपून. भूपाचे सूर सा रे ग प ध, त्यात म आणि नी नाहीत, म्हणजे ४ लावला की म घुसला आणि ५ लावला की नी घुसला. फक्त भूपाच्या सूरांत बसणारे पूर्ण कॉर्ड दोनच निघतात, सा-ग-प आणि ध-सां-गं. तेवढ्यात भागवा, नाहीतर नुसता सा-प धरून ठेवा.

मायनर स्केलमधलं गाणं असेल, समजा ए मायनर, म्हणजे ए पासून ए पर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, तर तिथे एक अडचण येते, ५ वरचा कॉर्ड ई मायनर निघतो आणि त्यात घरी ओढणारा नी नसतो, जी आहे, तो ए पासून दोन सेमीटोन लांब. म्हणून तिथे बहुतेक वेळा जीचा जी शार्प करून ई मेजर वाजवतात. ए मायनरच्या गाण्यात मध्येच ई मेजर का येतो हा प्रश्न पडला असेल तर उत्तर हे.

सुरुवातीला हाताखाली घालायला काही क्रम. १-५-६-४ लाखो गाण्यांत सापडेल. २-५-१ जॅझमध्ये सतत येतो, तो सेव्हन लावून वाजवा, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, म्हणजे एक सोडा एक घ्या अजून एकदा केलं की झालं. ब्लूजचा बारा मापांचा क्रम, चार मापं १, दोन मापं ४, दोन मापं १, मग ५, ४, १, १, एकेक माप. हे सगळे कमीत कमी बोटं हलवून वाजवायचे, ठोकळे टाकून नाही.

रोज पंधरा मिनिटं दिलीत तरी होतं, पण वाजवताना कॉर्डचा एकेक सूर तोंडाने गा, विशेषतः मधला, तोच ऐकू यायला सगळ्यात अवघड असतो. आणि सीमध्ये हात बसला की वरचीच चाल डीमध्ये करा. डी, मग जी डी, मग ई मायनर ए, मग डी. डीला एफ शार्प लागेल आणि ए ला सी शार्प, बाकी सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर. तक्ता बघू नका, चार आणि तीन मोजा.